अकरा नंबरची जर्सी आणि दोन साडू

काकू, नमस्कार.

मी डॅलसच्या उत्तरेला फ्रिस्कोत राहतो. वय 43, नोकरी फायनान्समधली. माझा साडू पंधरा मिनिटांवर, प्लेनोत. आमच्या बायका सख्ख्या बहिणी, माझी थोरली. गेली सात वर्षं आम्ही दोघं मिळून डॅलस काउबॉइज या इथल्या अमेरिकन फुटबॉल संघाची चार सीझन तिकिटं घेतो. काही गेमला ते जातात, काहींना आम्ही, एखाद-दुसऱ्याला सगळे.

2025 च्या 28 ऑगस्टला घरी गणपती बसलेले होते. संध्याकाळच्या आरतीला साडू आला तो तणतणतच. आमच्या संघातल्या मायका पार्सन्सला ग्रीन बेच्या पॅकर्स संघाला दिल्याची बातमी दुपारीच आली होती. 'या म्हाताऱ्याच्या हातात टीम दिली कुणी?' हे त्याचं पहिलं वाक्य, चपला काढायच्या आधी. म्हातारा म्हणजे संघाचा मालक जेरी जोन्स. मी शांतपणे समजावलं की सौदा बरोबर आहे. चेंडू फेकणाऱ्या प्रेस्कॉटला वर्षाला 6 कोटी डॉलर, तो झेलणाऱ्या लॅमला 3 कोटी 40 लाख, वर पार्सन्सला 4 कोटी 70 लाख दिले तर अर्धी कॅप, म्हणजे पगारांची मर्यादा, तिघांतच संपते. त्याने ऐकलं नाही.

28 सप्टेंबरला पॅकर्स इथे खेळायला आले. आम्ही सगळे गेलो. भाच्याने (साडूचा मुलगा, वय 13) पार्सन्सची अकरा नंबरची काउबॉइज जर्सी घातली होती. ओव्हरटाइममध्ये पार्सन्सने आमच्या प्रेस्कॉटला पाडलं, तेव्हा याने टाळ्या वाजवायला हात उचलले आणि तसेच धरून बसला. मी गमतीत म्हणालो, 'ती जर्सी आता गाडी पुसायला दे.' गेम 40-40 असा बरोबरीत सुटला.

नोव्हेंबरात डॅलसने क्विनेन विल्यम्स या बचावपटूला आणलं, फिलाडेल्फियाच्या ईगल्सना आणि कॅन्सस सिटीच्या चीफ्सना हरवलं, तेव्हा साडू गप्प होता. मग 14 डिसेंबरला पार्सन्सचा गुडघा गेला. मी फॅमिली ग्रुपवर एक मेसेज टाकला, 'जेरीने माल वेळेवर विकला.' तो तेवढाच. त्या रात्री साडूने ग्रुप सोडला. मी त्याला सगळा हिशेब एक्सेलमध्ये करून पाठवला, त्यालाही उत्तर नाही. संक्रांतीला बायको एकटीच तिळगूळ घेऊन त्यांच्याकडे गेली. आता तो म्हणतो, पुढच्या वर्षीच्या तिकिटांत मी नाही.

तुम्ही ह्यूस्टनला राहता आणि फुटबॉल बघता, म्हणून विचारतो. कुणाचं बरोबर आहे? आणि तिकिटं मी एकट्याने घ्यावीत का?

– थोरला साडू, फ्रिस्को

*

थोरले साडूराव,

तुमचं मूळ पत्र वर छापलंय त्याच्या तिप्पट आहे. कापला तो बहुतेक हिशेबच होता. सोबतची फाइलही मी उघडून पाहिली. सात टॅब आहेत, त्यातल्या एकाचं नाव 'फायनल फायनल'. तेव्हा आधी पैशांचं बोलू, नाहीतर पुढचं तुम्ही लक्ष देऊन वाचणार नाही.

ज्या वाचकांना या खेळातलं ओ की ठो कळत नाही त्यांच्यासाठी थोडं आधी सांगते. एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या लीगमध्ये प्रत्येक संघाने खेळाडूंवर वर्षाला किती खर्च करायचा याला मर्यादा आहे, तिला म्हणायचं कॅप. 2025 साली ती 27 कोटी 92 लाख डॉलर होती. तेवढ्यात 53 जणांचं बिऱ्हाड चालवायचं. दुसरी गोष्ट ड्राफ्ट. कॉलेजातून आलेली पोरं संघ दर एप्रिलमध्ये पाळीपाळीने उचलतात, आणि या पाळ्या एकमेकांना देता-घेता येतात. पार्सन्स 2021 साली बाराव्या पाळीला डॅलसला मिळाला. चार वर्षांत त्याने समोरच्या क्वार्टरबॅकना, म्हणजे चेंडू फेकून हल्ला चालवणाऱ्या गड्यांना, साडेबावन्न वेळा लोळवलं. (अर्धा कसा, असं विचारू नका. दोघांनी मिळून पाडलं की अर्धा अर्धा वाटून घेतात.) त्याच्या बदल्यात ग्रीन बे पॅकर्सनी 2026 आणि 2027 च्या पहिल्या फेरीतल्या दोन पाळ्या दिल्या, आणि केनी क्लार्क हा बचावफळीच्या मध्यभागी खेळणारा भक्कम गडी. पार्सन्सशी त्यांनी लगेच चार वर्षांचा 18 कोटी 80 लाखांचा करार केला. क्वार्टरबॅक सोडले तर एवढे पैसे तोवर कुणालाच मिळाले नव्हते.

आता तुमचा हिशेब. 6 कोटी, 3 कोटी 40 लाख आणि 4 कोटी 70 लाख मिळून 14 कोटी 10 लाख, म्हणजे कॅपच्या निम्म्याहून किंचित जास्त. बेरीज बरोबर आहे. पण साडूराव, हे वार्षिक सरासरीचे आकडे झाले. कॅपवर त्या त्या वर्षी किती चढतं ते निराळं. सही करताना दिलेला बोनस पाच वर्षांपर्यंत पसरवता येतो, जुना करार मोडून पुढे ढकलता येतो, आणि हे तुम्हाला ठाऊक नसेल असं मी मानत नाही. तुम्ही फ्रिस्कोत घर काही रोकड मोजून घेतलेलं नाही. फिलाडेल्फियावाले वर्षानुवर्षं हेच करतात. आपले चांगले खेळाडू ते लवकर बांधून घेतात, भाव चढायच्या आत. फेब्रुवारी 2025 ला त्यांनी सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला तो अशाच संघाच्या जोरावर. त्यामुळे 'पैसे बसत नव्हते' हे कारण मला पटत नाही. 'पैसे द्यायचे नव्हते' म्हणा, मग बोलू.

विकलं याचं मला फारसं काही वाटत नाही. उशिराचं वाटतं. 2025 च्या मार्चमध्ये मॅक्स क्रॉस्बीने वर्षाला 3 कोटी 55 लाखांवर सही केली. त्याच महिन्यात माइल्स गॅरेटने 4 कोटींवर. जुलैत टी. जे. वॉटने 4 कोटी 10 लाखांवर. सगळे एकाच कामाचे, क्वार्टरबॅकच्या मागे धावणारे. लग्न ठरलंय, मुहूर्त निघालाय, आणि सोनं उतरेल म्हणून वधूपिता सराफाच्या दारात ताटकळत उभा, असं हे चाललं होतं. आदल्या वर्षीही हेच. लॅमचा करार ऑगस्ट संपता संपता, प्रेस्कॉटचा तर पहिल्या सामन्याच्या दिवशी सकाळी. शिवाय पार्सन्सच्या वेळी जेरी जोन्स मार्चमध्ये त्याच्याशी परस्पर बोलले, सगळं ठरलं असं धरून चालले, आणि एजंट मधे आल्यावर त्यांना राग आला. नवऱ्यामुलाकडून होकार घ्यायचा आणि याद्या करायला घरचे बसले की म्हणायचं, तुमचा काय संबंध? ऑगस्टच्या पहिल्या तारखेला पार्सन्सने जाहीर सांगितलं की मला दुसरीकडे पाठवा. त्यानंतर डॅलसच्या हातात भाव करायला उरलं काय होतं?

तुमच्या साडूचंही सगळं बरोबर नाही, हेही लिहून ठेवते. 'पार्सन्स असता तर' हे पालुपद 2024 च्या आकड्यांपुढे टिकत नाही. तो असताना डॅलसने 7 सामने जिंकले आणि 10 हरले. तो नसताना, 2025 ला, 7 जिंकले, 9 हरले, एक बरोबरीत. प्रेस्कॉट 2024 ला निम्मा सीझन जखमी होता हे मान्य, पण तरीही. त्याच्याही आधी ओळीने तीन वर्षं बारा-बारा विजय मिळाले आणि प्लेऑफमध्ये, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेऱ्यांत, पदरात काय पडलं? तीन वर्षांत एक विजय. जानेवारी 2024 ला तर याच ग्रीन बेने आर्लिंग्टनला, डॅलसच्या मैदानावर येऊन 48-32 असं धुतलं, तेव्हा पार्सन्स निळ्या-पांढऱ्या कपड्यांतच होता. एका माणसाने संघ होत नाही हे तुमचं म्हणणं खरं आहे. फक्त ते तुम्ही नको तिथे, नको त्या माणसाला ऐकवलंत. त्याकडे येतेच.

तर मला विचाराल तर सौदा ठीक, वेळ वाईट, आणि सौदा करायची तऱ्हा वेळेपेक्षाही वाईट. अंतिम निकाल आज कुणीही देऊ नये. 1989 च्या ऑक्टोबरात याच जोन्सच्या संघाने हर्शेल वॉकर या आपल्या नामवंत खेळाडूला मिनेसोटाला दिलं, तेव्हा गावभर हसं झालं. त्या वर्षी डॅलस 1 जिंकलं, 15 हरलं. मग त्या बदल्यात आलेल्या पाळ्यांतून एमिट स्मिथ आला, आणखी माणसं आली, आणि चार वर्षांत तीन सुपर बोल झाले. फरक एवढाच की तेव्हा पोरं पारखायला प्रशिक्षक जिमी जॉन्सन होता. मार्च 1994 ला दोघांचं फाटलं आणि तो गेला. 1995 च्या सीझननंतर डॅलस सुपर बोलला तर सोडाच, त्याच्या आदल्या पायरीलासुद्धा पोहोचलेलं नाही. तुमचा भाचा जन्माला यायच्या कितीतरी आधीपासूनचा हा दुष्काळ आहे.

म्हणजे 'म्हाताऱ्याच्या हातात टीम दिली कुणी' या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. कुणी दिली नाही, त्याने विकत घेतली. 1989 साली, साधारण 14 कोटी डॉलरला. जनरल मॅनेजरही तोच, त्यामुळे दुकानाचा मालक आणि दिवाणजी एकच. मुलगा स्टीफन, मुलगी शार्लट, धाकटा जेरी, सगळे कारभारात. बाकीच्या गावांत संघ हरला की जनरल मॅनेजरची नोकरी जाते, इथे कोण कुणाला काढणार? आणि काढायची गरजही त्याला दिसत नसणार. फोर्ब्सने 2025 ला या संघाची किंमत 13 अब्ज डॉलर धरली, म्हणजे 14 कोटींचे 1300 कोटी, तेसुद्धा गेली तीस वर्षं एकही सुपर बोल न जिंकता. स्टेडियमच्या पश्चिमेच्या काचांतून संध्याकाळचं ऊन थेट खेळाडूंच्या डोळ्यांत जातं. नोव्हेंबर 2024 ला ईगल्सविरुद्ध लॅमला त्यापायी चेंडूच दिसला नाही. पडदे लावा म्हटलं तर जोन्स उखडले, मग काय अख्खं स्टेडियम पाडून नवं बांधू का, अशा थाटात. आमच्या कोल्हापूरच्या वाड्याचे मालक असेच होते. नळ गळतो म्हटलं की म्हणायचे, वाडाच सोडा.

अशा माणसाची वकिली तुम्ही करत होता, आणि ती फी न घेता. मला तुमच्या पत्रात सगळ्यात नवल वाटलं ते 'आम्ही' या शब्दाचं. 'आम्ही दोन पहिल्या पाळ्या मिळवल्या', 'आम्ही कॅप मोकळी केली' असं मूळ पत्रात तेरा ठिकाणी आहे. सामना जिंकल्यावर सगळेच 'आम्ही जिंकलो' म्हणतात, ते ठीक. पण सौदा करताना तुम्हाला कुणी विचारलं नव्हतं आणि साडूलाही नाही. गंमत बघा, ग्रीन बे हा या लीगमधला एकच संघ, ज्याला धनी नाही. पाच लाखांवर भागधारक आहेत, साधी माणसं, आणि भागाचा लाभांश नाही, विकून नफा नाही. पार्सन्स घ्यायचा का, असं तिथेही त्यांना कुणी विचारलं नाही. ते काम त्यांच्या पगारी मॅनेजरने, ब्रायन गुटकुन्स्टने केलं. लॅम्बो फील्डवर भागधारकांची वार्षिक सभा होते तेवढीच.

आता पत्रातल्या त्या दोन ओळींकडे येऊ. हिशेबाला तुम्ही चार पानं दिलीत. जर्सीला एक वाक्य आणि मेसेजला 'तो तेवढाच'. मी पत्र दुसऱ्यांदा वाचलं ते या दोन ओळींसाठी.

स्टेडियममध्ये तुमच्या शेजारी तेरा वर्षांचा मुलगा बसला होता. तो ज्याच्यासाठी आठव्या-नवव्या वर्षापासून ओरडत आला, तो माणूस समोर दुसऱ्याच रंगाच्या कपड्यांत त्याच्या आवडत्या संघाच्या क्वार्टरबॅकला पाडतोय. मुलाचे हात टाळीसाठी उठले आणि हवेत राहिले. हे तुम्ही स्वतः पाहिलंत, इतकं बारीक पाहिलंत की चार महिन्यांनी मला लिहून कळवलंत. आणि त्या क्षणाला त्याला म्हणालात, ती जर्सी गाडी पुसायला दे. मुलं अशा वेळी हसतात. मोठे हसले की हसावं लागतं.

आमच्या घरात वरच्या कपाटात एक टोपी आहे. आकाशी निळी, वर तेलविहिरीचा मनोरा. ह्यूस्टन ऑइलर्सची. 1996 चा सीझन झाला आणि मालकाने संघच उचलून टेनेसीला नेला. खेळाडू जातात तसा नाही, सगळा संसारच गेला, घंगाळापासून पाटा-वरवंट्यापर्यंत. आमचे हे ती टोपी तेव्हापासून घालत नाहीत आणि टाकतही नाहीत. दोन घरं बदलली, टोपी आली. मी एकदा गराज सेलच्या खोक्यात घातली होती. सकाळी बघते तर पुन्हा कपाटात. त्यावर आम्ही एक शब्दही बोललो नाही. ह्यूस्टनला 2002 पासून नवा संघ आहे, हे त्याचे सामने बघतात, त्याची टोपीही आहे. ती दाराजवळच्या खुंटीला असते.

तुमच्या भाच्याची जर्सी आता वरच्या कपाटातली झाली आहे. तिला फडकं म्हणायचा हक्क फक्त त्याचा.

आणि मेसेज. गुडघ्यातला लिगामेंट तुटणं म्हणजे काय असतं हे तुम्हाला मी सांगायला नको. 26 वर्षांचा मुलगा, पळणं हाच धंदा, आणि तुम्ही लिहिलंत 'माल'. मी मूळची कोल्हापूरची, पेठेत वाढलेली. आमच्याकडे फुटबॉल तालमींचा. शाहू स्टेडियमवर सामना असला की दोन दिवस आधीपासून घराघरात वातावरण तापायचं. आमच्या तालमीचा एक फॉरवर्ड एका सीझनला पलीकडच्या पेठेत गेला. माझ्या काकांनी त्याच्या वडिलांच्या टपरीवरचा चहा सोडला. लांबचा चहा प्यायला चालत जायचे, उन्हातान्हात, पण तिथला नाही. त्याच मुलाला पुढे खेळताना लागलं, दोन महिने काठी घेऊन फिरत होता. काका रस्त्यात थांबून त्याला विचारायचे, 'गुडघा बरा हाय न्हवं?' आणि पुढे लांबच्या टपरीवर निघून जायचे. चहा काही पुन्हा सुरू केला नाही. माणूस कडवा असावा तर असा.

भाचा त्या ग्रुपवर आहे का, हे तुम्ही लिहिलं नाहीत. नसला तरी आईच्या फोनवर त्याने ते वाचलंच असणार. साडूने ग्रुप सोडला तो पार्सन्ससाठी, असं मला वाटत नाही. काउबॉइजचा इतका कडवा फॅन, त्यालाही पॅकर्सच्या खेळाडूची जखम गिळायला जड जायचं कारण नव्हतं. घरात बसलेल्या मुलाचा चेहरा त्याने पाहिला असणार. मग तुम्ही वर एक्सेल पाठवलीत.

काय करायचं ते सांगते. प्लेनोला जा. एकटे, बायकोला मधे घालू नका, तिने संक्रांतीला आपला वाटा उचललाय. शनिवार-रविवार नको, जेवायला बोलावल्यासारखं होतं आणि मग सगळे पाहुण्यासारखे वागतात. आठवड्याच्या मधे, संध्याकाळी, मुलाची शाळा आणि क्लास आटोपल्यावर. आधी मुलाशी बोला. मराठीत बोलायचं की इंग्रजीत हे तुम्हाला माहीत, तो ज्यात रागावतो त्या भाषेत बोला. दोन वाक्यं पुरेत. जर्सीबद्दल बोललो ते चुकलं. गुडघ्याबद्दल लिहिलं ते त्याहून वाईट होतं. एवढंच. 'गमतीत' हा शब्द नको. 'पण' तर नकोच, 'पण' आला की त्याच्या मागून कॅप येते आणि कॅपच्या मागून तुमचे सात टॅब. 'इट्स फाइन, काका' म्हणून तो खांदे उडवेल आणि खोलीत जाईल. जाऊ द्या. बक्षीस म्हणून काही नेऊ नका, विशेष करून ग्रीन बेची हिरवी जर्सी नका नेऊ. मला माहीत आहे तुमच्या मनात ते आलं असणार.

साडूपुढे मात्र मत बदलल्याचं सोंग आणू नका. त्याला ते लगेच कळेल आणि ते आणखी लागेल. तुम्हाला सौदा बरोबर वाटतो ना, वाटू द्या. फक्त एक गोष्ट त्याची खरी आहे ती मान्य करा. सहा महिने घोळ घालायला नको होता, हे तुम्हालाही वाटत असणार. ते तोंडाने म्हणा, चहा घेताना. त्यावर तो जोन्सला अर्धा तास शिव्या घालेल. ऐका. मधे आकडे देऊ नका. ग्रुपवर परत ये म्हणूही नका. त्याला यायचं तेव्हा त्याची बायको त्याला जोडेल.

तिकिटांचा विषय त्या दिवशी काढायचा नाही. 'मी नाही' असं तो म्हणाला ते तुमच्यावरच्या रागाने की जोन्सवरच्या, हे तुम्हाला ठाऊक नाही, कदाचित त्यालाही नसेल. जोन्सवरच्या रागाने असेल तर तो रास्त आहे. फॅनच्या हातात दुसरं असतं काय? पाकीट बंद करणं एवढंच. त्याने जोन्सचं काही बिघडत नाही, डॅलसच्या सामन्यांना वर्षानुवर्षं लीगमध्ये सगळ्यात जास्त गर्दी असते, तुमच्या चार खुर्च्यांवर दुसरे चौघे बसतील. पण कुणाला आपल्या पैशाने त्या घरात दिवा लावायचा नसेल तर नातेवाइकांनी त्याला गद्दार म्हणू नये. नूतनीकरणाची वेळ येईल तेव्हा एकदाच विचारा, आणि अर्धा वाटा नको म्हणाला तर एखाद-दोन गेमचंच विचारा. तेही नको म्हणाला तर एकट्याच्या डोक्यावर चार तिकिटं घेऊ नका. रिकाम्या दोन खुर्च्यांशेजारी बसून तुम्हाला काही मजा यायची नाही, आणि तुम्ही त्या दर आठवड्याला ग्रुपवर विकायला काढाल. आर्लिंग्टनचं पार्किंग वाचेल ते वेगळंच.

एक मात्र करा, हे सगळं निवल्यावर. 2026 च्या एप्रिलच्या 23 तारखेला पिट्सबर्गला ड्राफ्ट सुरू होतोय. पहिल्या फेरीत डॅलसच्या दोन पाळ्या आहेत, एक त्यांची स्वतःची आणि एक पार्सन्सच्या बदल्यात आलेली. भाच्याला फोन करून विचारा, त्या दुसऱ्या पाळीला कुणाला घ्यावं. त्याची यादी तयार असेल, तेरा वर्षांच्या मुलांची असते. त्याने तीन नावं सांगितली तर तिन्ही लिहून घ्या. कागदावर.

– काकू